वाढत्या अंगाचे झगे

काल सकाळी तुमची मुलगी माझ्या दारात येऊन उभी राहिली, म्हणून हे लिहायला बसले आहे. एरवी मेलेल्या माणसांना पत्रं लिहिण्याची मला सवय नाही, आणि तुम्हालाही ते मुळीच रुचलं नसतं. "एवढा वेळ उरतो का तुझ्याजवळ?" असं तुम्ही विचारलं असतं. उरतो. शाळेची नोकरी संपून आता बरीच वर्षं झाली. शिवाय काल जे घडलं ते ज्याला सांगावं असं दुसरं माणूस शिल्लक नाही. तुम्हाला ओळखणारे सगळे गेले. ठाण्याच्या शाळेच्या आवारातलं चिंचेचं झाड आणि मी, एवढेच राहिलो, आणि झाड बोलत नाही.

टांगेवाल्यानं रस्त्यावरूनच हाक दिली, "ओ बाई, ही मडम तुमचंच घर विचारते! बाकी काय बोलते ते तिचं तिला ठाऊक." मी बाहेर आले आणि क्षणभर वाटलं, तुम्हीच उतरता आहात. तीच उंची, हनुवटी तशीच किंचित वर, आणि टांग्यातून उतरताना कुणाचा हात न घेण्याचा तोच हट्ट. केस मात्र पांढरे. तुमचे पांढरे व्हायला वेळच मिळाला नाही. आज तुमची मुलगी तुमच्याहून वयानं मोठी आहे, हे ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला. ठाण्याच्या कबरस्तानात तुमची, साहेबांची आणि तिच्या तान्ह्या बहिणीची कबर पाहून, तिथल्या पाद्रीसाहेबांकडून माझा पत्ता घेऊन ती आगगाडीनं कल्याणला आली होती. लहानपणी ती आपल्याला सांभाळणाऱ्या आयेबरोबर दिवसभर मराठीत बडबडत असे म्हणे. आता तिला त्यातले दोनच शब्द आठवतात, 'भात' आणि 'गप'. आयेनं तिला कसं वाढवलं असेल ते त्यावरून कळतं.

आम्ही इंग्रजीत बोललो. चहा झाला. इकडचं तिकडचं बोलण्यात वेळ घालवणं तिलाही जमत नाही, हे पाहून मला बरं वाटलं. तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या टेबलावर ठेवलं. निळ्या फ्लॅनेलचा एक झगा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा. मी तो पाहताक्षणी ओळखला.

"हा माझ्या आईनं पाठवलेला शेवटचा झगा," ती म्हणाली. "एवढा एकच मी ठेवला. बाकीचे आत्या चर्चमधल्या गरिबांना देत असे, कारण आईनं पाठवलेला एकही झगा मला कधी अंगाला बसला नाही. दर वेळी आखूड, दर वेळी काखेत काचणारा. आत्या भली होती. ती आईला लिहायची की झगा छान बसला, मुलगी हरखून गेली. मला वाटायचं, आईच्या मनात मी अजून बोटीत बसले त्या दिवसाएवढीच आहे. पुढे वाटायला लागलं की हे झगे ती दुसऱ्याच कुणासाठी शिवत असावी आणि उरलासुरला मला पाठवत असावी. तुम्ही तिच्याजवळ होता. मला एवढंच सांगा, तिला मी आठवत होते का?"

"झगे दुसरीच्याच मापाचे होते," मी म्हटलं. "माझ्या."

एवढं बोलून गेल्यावर सगळं सांगणं भाग होतं. तुम्हाला बरंचसं ठाऊक आहे, सगळं नाही. म्हणून तिला जसं सांगितलं तसंच इथे लिहिते.

माझे वडील ख्रिस्ती झाले तेव्हा मी आठ वर्षांची होते. त्यांनी माझाही बाप्तिस्मा करवला. आईनं आपला धर्म सोडला नाही. ती कल्याणला तळ्याजवळ माझ्या मामाच्या घरी निघून गेली. वर्षाच्या आत वडील पटकीनं गेले. बाटलेल्या मुलीला मामाच्या घरात जागा नव्हती, म्हणून मी ठाण्याला तुमच्या शाळेच्या वसतिगृहात राहिले. मी आले त्याच्या आदल्या थंडीत तुमची मुलगी विलायतेला गेली होती. तान्ही मुलगी इथल्या तापानं दगावल्यावर तुम्ही आणि साहेबांनी थोरलीला इथे न ठेवण्याचं ठरवलं. मोठ्या मुली सांगत, "बोट धक्क्यावरून सुटली आणि दुपारच्या गाडीनं बाई परत येऊन व्याकरणाच्या वर्गावर उभ्या. आणि त्या दिवशी विभक्ती न येणाऱ्या तिघींना कोपऱ्यात!" बाजारात बायका म्हणत की या मडमेला काळीज नाही. मीही काही वर्षं तसंच समजत होते.

मिशनरी लोक हे कसं सोसतात, असं तुमच्या मुलीनं काल मला विचारलं. तिला वाटत होतं की त्याची काही शिकवण देत असतील. तसलं काही नव्हतं. जो तो आपल्यापरीनं सोसत असे. मुंबईहून एक मिशनरीण येई, ती जेवायला बसली की शेजारची खुर्ची रिकामी ठेवायला लावी आणि तिथे कुणी बसलं तर जेवण सोडून उठे. पनवेलकडे एक साहेब होते, त्यांनी गाडीच्या दोन बैलांना आपल्या दोन्ही मुलग्यांची नावं दिली होती. गाडीवान ती नावं अशी काही उच्चारी, आणि त्यांना जोडून अशा काही शिव्या देई, की ऐकून आम्हा मुलींना ओढणीत तोंड लपवावं लागे. साहेब मात्र समाधानानं ऐकत. तुमचे साहेब विलायतेचं टपाल उशीर करू लागलं की तंबू घेऊन मुरबाडच्या बाजूला फिरतीवर निघत, म्हणजे पत्र आलं नाही असं न होता, आपणच घरी नव्हतो असं होई. आणि तुम्ही शिवायला शिकलात. तुम्हाला तोवर साधी गुंडी लावता येत नव्हती. धर्मोपदेशकाच्या घरात वाढून तुम्ही ग्रीक आणि गणित शिकला होता, सुई कधी धरली नव्हती. मुलगी गेल्यावर तुम्ही वसतिगृहातल्या मोठ्या मुलींजवळ बसून, बोटं टोचून घेत, झगा शिवायला शिकलात.

आणि संध्याकाळची प्रार्थना. हे मी तुमच्या मुलीला मुद्दाम सांगितलं. तुम्ही प्रार्थना मराठीत करीत असा, शास्त्रीबुवांकडून शिकलेल्या त्या कडक मराठीत, ज्या मराठीत तुम्ही भाजीवालीलासुद्धा "हे स्त्रिये, ही वांगी किडकी आहेत" म्हणायचा. (तिचं उत्तर वसतिगृहात वर्षभर गाजलं होतं: "किडका कुठं हाय गो बाय? किडा तर कवाच निंगून गेला, निस्तं भोक हाय!") तर प्रार्थनेत आजारी माणसं, पाऊसपाणी, सरकार, शाळा असं सगळं मराठीत होई, आणि मग एक वाक्य इंग्रजीत येई. हळू, एका दमात. आम्ही डोळे मिटून ते संपायची वाट पाहत असू. मग पुन्हा मराठी सुरू. इंग्रजी समजायला लागल्यावर मला कळलं की त्या वाक्यात कुणाचं नाव होतं. एकही संध्याकाळ त्या वाक्याशिवाय गेली नाही. तुमच्या मुलीनं विचारलं, "ती रडायची?" मी म्हटलं, "मी पाहिलं नाही." तुम्ही शिकवलेली मी, पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून कसं सांगणार?

पहिलं माप घेतलंत तो दिवस मला लख्ख आठवतो. वैशाख आहे. मागच्या पडवीत तुम्ही मला स्टुलावर उभं केलं आहे, आणि त्या उकाड्यात माझ्या अंगावर फ्लॅनेल. तुमच्या तोंडात टाचण्या, गळ्यात फीत. घाम पाठीवरून ओघळतो आहे आणि टाचण्यांमधून तुमचा आवाज येतो, "सरळ उभी राहा. हलू नकोस." पुढे मी मुख्याध्यापिका झाल्यावर लोक म्हणत, बाई काठी गिळल्यासारख्या चालतात. चालेन नाहीतर काय? टाचण्या लावलेल्या फ्लॅनेलमध्ये उभं राहून मी वाढले. त्या झग्याचं मी साऱ्या वसतिगृहाला सांगितलं. बाई मला झगा शिवताहेत, निळा, खऱ्या विलायती कापडाचा. झगा पुरा झाला, कापूर घालून पेटीत बसला, पेटीवर मेणकापड शिवलं गेलं आणि पेटी स्टेशनावर गेली. मी पडवीत येऊन भोकाड पसरलं.

"माझा झगा कुठे गेला?"

"तो तुझा नव्हता. तुझा आहे असं मी म्हणाले होते का?"

"नाही."

"मग कोण म्हणाले?"

"कोणी नाही."

"मग ज्याचे वचन कोणी दिलेच नाही, त्यासाठी रडतेस का?" आणि मग, फीत गुंडाळत, माझ्याकडे न पाहता तुम्ही म्हणालात, "माझी मुलगी तुझ्या वयाची आहे. तिचे माप माझ्याजवळ नाही. तुझे आहे."

आठ-नऊ वर्षांच्या मुलीला यातलं जेवढं कळायचं तेवढं कळलं. त्यानंतर मी स्टुलावर उगाच हालले नाही. उलट मला एक प्रकारची जबाबदारी वाटायला लागली. भाताचा शेवटचा घास मी नको असताना खाई, कारण मी बारीक राहिले तर विलायतेत झगा बारीक जाईल. एका पावसाळ्यात हिवतापानं मी अगदी काटकी झाले, तेव्हा तुम्ही फीत माझ्याभोवती धरलीत आणि बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिलात. मग क्विनीन, दूध, रोज एक अंडं, तेही तुमच्या समोर बसून खायचं. हे लाड माझे की झग्याचे, असा प्रश्न तेव्हा मला पडे. आता पडत नाही. क्विनीन माझ्याच पोटात गेलं आणि मी जगले.

असंच एकदा माप घेत असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, टाचणी टोचली." तुम्ही थांबलात. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून डबीत ठेवल्यात. मला वाटलं आता मायेनं जवळ घेणार. तुम्ही म्हणालात, "मी तुझी आई नाही. तुझी आई कल्याणास आहे आणि ती जिवंत आहे. तिला शेवटचे कधी पाहिलेस?" मी म्हटलं, पाहिलं नाही, बाप्तिस्म्यापासून. तुम्ही खाली बसलात. त्या वेळी तो आवाज मला दगडासारखा लागला. पण बाई, माझ्या आयुष्यात मला जे जे मिळालं त्यात मी हे बोलणं सगळ्यांत वर ठेवते. आयती मुलगी हाताशी आली होती, तुमच्या मुलीच्या वयाची, तुमच्या मुलीच्या झग्यात उभी. तुम्ही ती घेतली नाहीत. दुसरी कुणी असती तर घेतली असती, आणि मलाही ते गोड लागलं असतं.

पुढच्या शनिवारी तुम्ही मला घेऊन कल्याणला निघालात. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात, खाडीचा पूल, मुंब्र्याचे बोगदे, मग कापणी झालेली डोंबिवलीकडची भातखाचरं. वाटेत तुम्ही माझ्याकडून तेराचा पाढा म्हणवून घेतलात. मामाच्या घराच्या ओटीखाली, अंगणात, आपण दोघी उभ्या राहिलो. वर चढायची आपल्याला मुभा नव्हती. आई दाराआडून बोलली, माझ्याशी नव्हे, तुमच्याशी.

"पोरगी बरी आहे ना?"

"तिची प्रकृती उत्तम आहे. पाढ्यांत ती आळशी आहे."

"बापावर गेलीय." मग, "तुम्हाला आहेत मुलं?"

"एक कन्या ठाण्यास मातीत आहे. एक समुद्रापलीकडे आहे."

"समुद्रापलीकडे कुणाजवळ?"

"तिच्या आत्याजवळ."

"म्हणजे आपली पोर लोकांच्या घरी ठेवून लोकांची पोर सांभाळायला आलात, होय?"

आत मामी फिस्सकन हसली. मी तुमचा हात धरला. तुम्ही म्हणालात, "होय." एवढंच. देवाची इच्छा नाही, सेवा नाही, काही नाही. आई भांडायच्या तयारीनं उभी होती आणि समोरून सरळ होकार आला. ती दाराबाहेर येऊन ओटीच्या कडेला उभी राहिली आणि तिनं मला, तुम्ही पुढे माझ्यासाठी शिवलेल्या झग्यात, पहिल्यांदा नीट पाहिलं. आणि पाहून काय म्हणाली, तर, "हा झगा असा आखूड का? पोटऱ्या दिसताहेत पोरीच्या."

"मी मापाबरहुकूम शिवला होता. आषाढापूर्वी."

"आषाढापूर्वी! आणि आता मार्गशीर्ष चालू आहे. पोरगी काय दारचा खांब आहे, होती तेवढीच राहायला?"

मला तुमची बाजू घ्यावीशी वाटली. म्हणून मी म्हटलं, "आई, बाई त्यांच्या मुलीचे झगेसुद्धा माझ्याच मापाचे शिवतात. ते बोटीनं जातात."

आईनं तुमच्याकडे पाहिलं. "पोचतात कधी?"

"सुमारे महिन्याने. शिवण्यास त्याआधी दोन-तीन महिने लागतात. मी मंद शिवते."

"आणि तोवर तुमची मुलगी वाढत नाही?"

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. फळ्यावर स्वतः लिहिलेलं गणित चुकलं आहे, आणि ते साऱ्या वर्गादेखत, हे कळावं तसा. ग्रीक शिकलेल्या, भूमिती शिकलेल्या तुम्ही, पण हे तुमच्या मनात आलंच नव्हतं. आईचा आवाज तिथून बदलला. "अहो बाई, वाढत्या अंगाचं शिवा. आमच्याकडे पोरींचं काहीही असंच शिवतात. खाली चार बोटं आत दुमडायची, काखेत दोन बोटं सोडायची, आणि टीप कच्ची घालायची. पोर वाढली की दोरा ओढायचा, झगा वाढला. यात शिकवायचं काय?"

"चार बोटे आत कशी?" तुम्ही विचारलंत. तुम्हाला मोघम काही चालत नसे.

आई ओटीच्या पायऱ्या उतरली. माझ्यासमोर उकिडवी बसली, माझ्या झग्याची कड हातात घेतली आणि ती उलटून, बोटं आडवी लावून तुम्हाला दाखवू लागली. घडी माझ्या गुडघ्याला लागत होती, आणि तिच्या बोटांची मागची बाजूही. आतून मामी ओरडली, "अहो वन्सं! शिवलात तिला!"

"शिवणंच दाखवतेय," आई मान वर न करता म्हणाली. "शिवल्याशिवाय कसं दाखवू? विहिरीत पाणी आहे. करीन आंघोळ." आणि तिनं ते एकदा दाखवलं, दोनदा दाखवलं, आणि तिसऱ्यांदाही दाखवलं, जरी तुम्हाला पहिल्यांदाच कळलं होतं.

परतीच्या गाडीत तुम्ही मला विचारलंत, "ती स्त्री 'शिवलात' असे का म्हणाली? तुझी आई शिवत नव्हती, दाखवत होती." मी सांगितलं की सुईनं शिवतात ते शिवणं, आणि शिवू नये त्याला हात लावणं तेही शिवणंच. तुम्ही म्हणालात, "शब्द एकच?" मी म्हटलं, हो. मुंब्रा जाईपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणालात, "शास्त्रीबुवांनी मला हा शब्द अर्धाच शिकवला." त्या दिवशी तुम्ही परतीचा पाढा विसरलात. मी आठवण केली नाही.

त्यानंतर महिन्यातून एकदा मी कल्याणला जात राहिले, कधी तुमच्याबरोबर, मोठी झाल्यावर एकटी. दर वेळी आई कुठल्या ना कुठल्या शिवणाची खोड काढी आणि आंघोळ करी. मामा गेल्यावर, मी नोकरीला लागल्यावर, ती माझ्याजवळ राहायला आली आणि याच घरात, माझ्या हातचं पाणी पिऊन गेली. तिची वाट मी विसरू नये एवढी काळजी तुम्ही घेतली नसती तर हे झालं नसतं. आणि तुमचे झगे त्या मार्गशीर्षापासून वाढत्या अंगाचे झाले. खाली चार बोटं, काखेत दोन, वरून अस्तर, म्हणजे घडी टोचू नये. पण एक गोष्ट तुम्ही केली नाहीत. तुम्ही ते तिकडे लिहिलं नाहीत. मी काल खूप विचार केला की का नाही. मला वाटतं, आईनं 'यात शिकवायचं काय' म्हटलं ते तुम्ही मनावर घेतलंत. जे कल्याणच्या एका निरक्षर बाईला ठाऊक, ते सगळ्या जगाला ठाऊक असणारच. तिकडे आत्या दुकानातून तयार कपडे आणणारी. तिला सुई माहीत नव्हती, जशी एके काळी तुम्हालाही नव्हती. आपण इतक्या इथल्या झालो आहोत की तिकडच्यांना सांगावं लागेल, हे तुमच्या ध्यानातच आलं नाही.

रजेवर जायचं तुमचं दोनदा ठरलं आणि लांबलं. आधी दुष्काळातून आलेली मुलं वसतिगृहात भरली, मग साहेबांचं दुखणं आणि मरण, मग शाळा कुणाच्या हवाली करायची हा प्रश्न. कारण दर वेळी खरं असे. हे मी तुमच्या मुलीला गोड करून सांगितलं नाही. तुम्ही जायला हवं होतं, असंच मी तिला म्हटलं, आणि माझं अजून तेच मत आहे. पण तुम्ही गेला नाहीत म्हणून माझं इंग्रजी झालं, माझं गणित झालं, आणि पुढे कॉलेजात चार मुलग्यांच्या बाकांमागे एकटीनं बसायला लागलं तेव्हा पाठ ताठ राहिली. हेही मी तिच्यापासून लपवलं नाही. तिनं ते शांतपणे ऐकलं. मला मिळालं ते तिच्या वाट्याचं होतं, ते ऐकायचा तिला हक्क होता.

शेवटच्या झग्याच्या वेळी तुम्ही खाटेवर होता. ताप मुरला होता. मला खाटेजवळ उभं करून तुम्ही बसल्या जागेवरून माप घेतलंत आणि विचारलंत, "तू आणखी किती वाढशील?"

"मला काय ठाऊक, बाई?"

"बरोबर. कोणास ठाऊक असणार?" तुम्ही म्हणालात, आणि फितीवर शाईनं रेघ ओढलीत. त्या फितीवर दर झग्याला एक रेघ होती, खाली तुमच्या हातची तारीख. तो झगा तुम्ही कुणाला हात लावू न देता शिवलात. मी मदतीला आले तर हाकललंत. पेटी गेल्यावर फीत गुंडाळून माझ्या हातात दिलीत. "ही तुझी. हिच्यावर तुझेच माप आहे." पावसाळा लागायच्या आत तुम्ही गेलात.

हे सगळं सांगून झाल्यावर काल मी तुमच्या मुलीला म्हटलं, "झगा इकडे द्या." चष्मा लावला. कड उलटली. अस्तराची शिवण कात्रीच्या टोकानं उसवली. आत घडी होती, होती तशी. तिकडे कुणी तिला हात लावला नव्हता. आई म्हणायची तसा मी दोरा ओढला, पण इतक्या वर्षांत तो कुजला होता, तुकडे होऊन हातात आला. घडी खाली आली, चार बोटं. आतलं कापड वरच्यासारखं विटलेलं नव्हतं, पहिल्या दिवसासारखं निळं होतं. तुमची मुलगी खुर्ची पुढे ओढून वाकून पाहत होती. मी कड सपाट करायला हात फिरवला आणि माझ्या बोटांना आणखी काहीतरी लागलं. त्या घडीच्या आत दुसरी घडी होती. ती उसवली. तिच्या आत तिसरी. काखेतही तसंच, एकाआड एक. तेव्हा मला कळलं की तुम्ही मला का हाकलत होता, आणि मी किती वाढेन हे का विचारलंत. पुढचा झगा होणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून उरलेलं सगळं वाढणं तुम्ही एकाच झग्यात घालून ठेवलंत.

मी झगा खांद्याला धरून तिच्यासमोर उभा केला. तिच्या पावलांपर्यंत आला. साठी उलटलेल्या, तुमच्याएवढ्या उंच बाईच्या पावलांपर्यंत. ती त्या निळ्या पट्ट्यांवरून हात फिरवत राहिली. तिचे ओठ कापायला लागले, तेव्हा ती स्वतःलाच म्हणाली, "गप."

ती निघाली तेव्हा मी तिला 'शिवणं' हा शब्द शिकवला. अर्धा नाही, पुरा. टांग्यात चढताना ती तो पुटपुटत होती, आणि टांगेवाला मला म्हणाला, "बाई, मडमेला काय शिवायला टाकायचं असेल तर आमच्या आळीत शिंपी आहे." मी म्हटलं, "तिचं शिवून झालेलं आहे. तू गाडी चुकवू नकोस."

हे पत्र कुठे पाठवणार? आईच्या लुगड्यांच्या पेटीत ठेवीन. तुमच्या मुलीच्या हवाली जे केलं ते असं: तिचा झगा, सगळ्या घड्या उलगडलेला, कडेला मी नवी पक्की टीप घालून दिलेला, कुजक्या दोऱ्याचे तुकडे, तिनं मागितले म्हणून, एका पुडीत, आणि तो एक शब्द. फीत दिली नाही. तिनं मागितली असती तर दिली असती. पण तिला फितीचं ठाऊक नव्हतं, मी गोष्ट सांगताना तेवढाच भाग गाळला होता.